पुरे नऊ वार

बोरिवली
९ नोव्हेंबर १९५४

सौ. कुंदास,
आशीर्वाद.

काल प्रेमा आली होती. रविवारी ती मुलुंडला तुमच्याकडे आईला बघून आली, ते सांगायला. मामाची मुलगी असून तिला जे दिसलं ते तुम्ही मला, पोटच्या मुलीला, कळवलं नाहीत.

आई म्हणे पाचवारी नेसून बसली होती. तीही नवी नाही. तिच्या स्वतःच्या जांभळ्या इरकलीचे दोन तुकडे केलेत आणि एक तिला गुंडाळलात. दुसरा मागच्या दोरीवर वाळत होता. त्याचा परकर केलास की आणखी काही, ते तू जाण. शिवाय तिच्यासमोर तांदळाचं सूप होतं. ज्या बाईला कॅन्सर म्हणून इस्पितळातून घरी पाठवलं, तिला तू तांदूळ निवडायला बसवतेस?

माझी आई जन्मभर नऊवारीत वावरली. तापात, बाळंतपणात, कधी कासोटा सुटला नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला पाचवारी नेसायची होती आणि आईनं नेसू दिली नाही, हे मी विसरलेले नाही. तूही विसरली नाहीस असं दिसतं. ती अंथरुणाला लागली आणि महिन्याभरात तू पाचवारीत आलीस. ते मी बोलले नाही. पण आता तिलाही तेच? सूड उगवायला माणूस आजारी पडायची वाट बघत होतीस का गं?

मधू माझा भाऊ असला तरी त्याला मी काही लिहीत नाही. तो म्हणेल, बायकांचं बायकांनी बघा. म्हणून तुलाच लिहिते. मी आईला बोरिवलीला घेऊन येणार आहे. इथे मोकळी हवा आहे, घर तळमजल्याला आहे, मी दिवसभर घरात असते. वडील आहेत, म्हणून भाऊंना एवढं सांगून ठेव.

माणिक


मुलुंड
१२ नोव्हेंबर १९५४

ती. सौ. माणिकवन्सं यांस,
कुंदाचा नमस्कार.

पत्र पोचलं. लुगडं कापलं ते मीच. का कापलं ते लिहिणार नाही. आईंना तसा शब्द दिला आहे.

परकर केलेला नाही. चार वार उरले त्याच्या घड्या करून आईंच्या जखमेवर ठेवते. जुनं सूत मऊ असतं. प्रेमाताईंनी दोरीवर पाहिलं ते उकळून वाळत घातलेलं होतं. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आईंचा उजवा हात खांद्यापासून सुजला आहे. कोपरातून वर होत नाही, पाठीमागे तर जातच नाही. अंबाडा मी घालते. चहा अर्धा कप देते, पूर्ण भरला की कप पेलत नाही. तांब्याऐवजी फुलपात्र ठेवलं आहे. पाटावरून उठता येत नाही म्हणून मोरीत स्टूल ठेवलं आहे.

तांदूळ त्या मागून घेतात. नाही दिले तर विचारतात, आज घरात जेवायचं नाही का कोणाला. डाव्या हातानं निवडतात, नजरही पूर्वीसारखी नाही, खडे राहतात. सूप आत नेऊन मी पुन्हा निवडते. ते त्यांना माहीत नाही.

त्यांना बोरिवलीला नेण्याबद्दल. अंथरुणापासून फाटकापर्यंतसुद्धा त्या आता चालू शकत नाहीत. डॉक्टर सायकलवरून येऊन इंजेक्शन देऊन जातात, त्यांच्या हाताची आईंना सवय झाली आहे. आणि मुख्य म्हणजे आईंना त्यांचा आजार कोणता हे सांगितलेलं नाही. हाताला वात धरलाय आणि छातीवर गळू आहे, असं सांगितलं आहे. भाऊंचा तसा हुकूम आहे. एकाएकी हलवलं तर त्या विचारतील.

कळावे.
कुंदा


बोरिवली
१५ नोव्हेंबर १९५४

सौ. कुंदास,
आशीर्वाद.

पत्र आहे की सरकारी नोटीस? "का कापलं ते लिहिणार नाही." सुनेनं शब्द द्यायचा आणि लेकीपासून लपवायचं, हा कुठला न्याय? हात वर होत नाही तर तू कशाला आहेस? तू नेसवायचंस. कासोटा खोचायला अशी किती ताकद लागते? तुला तो त्रास नको होता, एवढंच मला त्यातून कळलं.

आणि तिच्या पाठीमागे तांदूळ पुन्हा निवडतेस, ते मोठ्या उपकारासारखं लिहिलंयस. तिला फसवण्याची तुम्हाला सगळ्यांनाच सवय झाली आहे.

बुधवारी इकडची स्वारी कामासाठी विक्रोळीला एका कारखान्यात जाणार आहे. तिथून मुलुंड जवळच. त्यांच्याबरोबर आईसाठी नवं लुगडं पाठवते. दादरला जाऊन स्वतः निवडलंय, हिरवं इरकल, रुंद काठाचं. येत्या रविवारी मी गाडी घेऊन येईन. तोवर आईला ते नीट नेसवून ठेव. कासोटा घालून, पुरे नऊ वार. माझ्या दारात माझी आई अर्ध्या लुगड्यात उतरणार नाही.

माणिक


मुलुंड
१८ नोव्हेंबर १९५४

ती. सौ. माणिकवन्सं यांस,
नमस्कार.

जयवंतराव काल दुपारी येऊन गेले. आईंना नमस्कार करून पुडकं खाटेवर ठेवलं, चहा घेतला आणि गेले. त्यांचा काही दोष नाही.

आईंनी पुडकं मला सोडायला लावलं. डाव्या हातानं काठ चाचपला. काठ छान आहे म्हणाल्या. थोड्या वेळानं मला विचारलं, आता सण कुठला आहे? मी म्हटलं, कुठलाच नाही. घरात कोणाचं डोहाळजेवण आहे का, कोणाचं लग्न ठरलंय का, असं एकेक विचारत गेल्या. मी नाही म्हणत गेले. मला अजून कळलं नव्हतं. मग म्हणाल्या, "मग माणकीनं हिरवं कशाला पाठवलंन?"

वन्सं, सवाष्ण बाई अंथरुणाला खिळली असताना तिच्या घरी नवं हिरवं लुगडं कशासाठी आणून ठेवतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? तुमची आजी सवाष्ण गेली, त्या वेळी आईंनीच आणून ठेवलं होतं. ती गोष्ट त्यांनीच मला सांगितली आहे.

भाऊ खुर्चीवर पेपर वाचत होते. आई त्यांना म्हणाल्या, "अहो, डॉक्टर काय म्हणाला ते लेकीला सांगितलंत. मला नाही." भाऊ उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दिवे लागेपर्यंत आत आले नाहीत. त्यावरून आईंना काय ते समजलं.

त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ट्रंकेत सगळ्यात वर ठेव. ऐन वेळी शोधत बसायला नको."

आम्ही तिघांनी जे इतके दिवस तोंडातून बाहेर पडू दिलं नाही, ते तुम्ही पुडक्यात बांधून पाठवलंत. आता रविवारी गाडी आणू नका. आणलीत तर रिकामी परत जाईल.

कुंदा


बोरिवली
२३ नोव्हेंबर १९५४

सौ. कुंदास,

गाडी रिकामी परत गेली, तुझ्या मनासारखं झालं.

रविवारी तुमच्या घरात मला बोलायला जागा मिळाली नाही, म्हणून लिहिते. ते लुगडं मी कुठल्या मनानं घेतलं ते देवाला ठाऊक. आईला हिरवा रंग शोभतो, दुकानात तेच सगळ्यांत चांगलं होतं, एवढाच विचार केला. आजीची गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. पण तू ती अशी लिहिलीस, जसं काही मी आईची तयारी करून पाठवली. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचल्यापासून घास उतरत नाही. तुला तेच हवं असेल.

आईसमोर मी त्याबद्दल तोंड उघडू शकले नाही. तीही बोलली नाही. मुलांची चौकशी केली, आरे कॉलनीचं दूध आमच्याकडे वेळेवर येतं का विचारलं, जशी काही मी शेजारीण आहे. मग ती उठली. मी धरायला पुढे झाले तर म्हणाली, "हात लावू नकोस, जाते मी." भिंतीला डावा पंजा लावत, थांबत थांबत, ती बोळातून संडासापर्यंत एकटी गेली आणि दार लावून घेतलं. भिंतीवर तिच्या हाताचा तेलकट पट्टा उमटलाय. तो पुसू नका असं ती मधूला म्हणाली म्हणे. मी बाहेर उभी होते. बाहेर आली तेव्हा घामानं भिजली होती आणि मला बघून चिडली. "कुंदाला बोलाव, तू जा," म्हणाली. माझ्या आईनं मला खोलीतून घालवलं आणि तुला आत बोलावलं.

नंतर स्वयंपाकघरात तू मला सांगितलंस. कासोटा घातला तर तिला एकटीला सोडता येत नाही, घालता येत नाही. दर वेळी कोणाला तरी आत न्यावं लागतं. तिला ते सोसवेना म्हणून तिनंच तुला कात्री आणायला लावली, आणि माणकीला कळता कामा नये असं बजावलं. हे सगळं तू मला दोन ओळींत लिहू शकली असतीस. लिहिलं नाहीस. मला वाटेल तसं लिहू दिलंस आणि स्वतः मान ताठ ठेवून बसलीस. शब्द पाळण्यातही माणसाला मजा वाटू शकते, नाही?

तू तिला आपलीशी करून घेतलीस. मी बाहेरची झाले. आता ती बोलावील तेव्हाच येईन. तू नव्हे, तिनं बोलवायला हवं.

माणिक


मुलुंड
८ डिसेंबर १९५४

ती. सौ. माणिकवन्सं यांस,
नमस्कार.

आईंनी बोलावलं आहे. तेच आधी लिहिते.

गेल्या आठवड्यापासून त्या उठत नाहीत. पहिल्या दिवशी खाटेवरून पाय खाली सोडले, बराच वेळ बसल्या आणि पुन्हा वर घेतले. दुसऱ्या दिवशी मी भांडं आणून खाटेखाली ठेवलं, तेव्हा तोंड भिंतीकडे केलं. आता त्याचीही लाज उरलेली नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशीवर वळवते. वळवताना ओरडतात. इंजेक्शनानंतर झोपतात, जाग्या असतात तेव्हा शुद्धीत असतात आणि सगळं विचारतात. खाणं म्हणजे पेजेचं पाणी, चमच्यानं. तांदळाचं सूप मागत नाहीत.

तुम्ही लिहिलंत की मी त्यांना आपलीशी करून घेतली. तसं झालेलं नाही. मी परकी आहे, म्हणून त्यांना माझं चालत होतं. सुनेनं पाहिलं तर काय बिघडलं, सून कामालाच असते. लेकीनं पाहू नये, असं त्यांना वाटत होतं. रविवारी तुम्हाला बाहेर घालवलं ते त्यामुळे. तुम्ही गेल्यावर त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, तुम्हाला सांगितलं म्हणून.

आज सकाळी त्यांनी ट्रंक उघडायला सांगितली. हिरवं लुगडं छातीवर ठेवून घेतलं. मग जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्ही म्हणाल मी माझ्या मनचं घातलं. "माणकीला बोलाव. हे तिनं आणलंन, तर नेसवायलाही तीच येऊ दे. पुरे नऊ वार, कासोटा घालून. आता मला कुठे जायचं नाही, अर्धं कशाला नेसू? तुला निऱ्या येत नाहीत कुंदा, तू हात लावू नकोस."

मी म्हटलं, बरं.

वन्सं, मी वर्षभर त्यांचं सगळं केलं. केलं म्हणून सांगत नाही, पण हे ऐकून मला काय वाटलं असेल, ते तुमच्याशिवाय कोणाला लिहिणार? निऱ्या मला त्यांनीच शिकवल्या होत्या.

हे पत्र मिळताच निघा. हे म्हणतात तार करू. पण तार म्हटली की तुम्हाला वाईटच वाटेल आणि आज तसं काही नाही. दुपारच्या डाकेत टाकते.

कुंदा


बोरिवली
१३ डिसेंबर १९५४

कुंदास,

माथ्यावर काही लिहीत नाही. तुला सुतक आहे, आणि सुतकात आशीर्वाद लिहायचा नसतो. तुला लिहायला माझा हात तसाही उचलला नसता.

माझं सुतक काल फिटलं. लग्न झालेल्या मुलीला आईचं तीन दिवस. तुला दहा. जिच्या पोटी जन्मले तिच्यासाठी मला तीन दिवस आणि सुनेला दहा, हा हिशेब करणाऱ्याला मुली नसाव्यात. काल संध्याकाळी मी मुलुंडहून घरी आले, डोक्यावरून अंघोळ केली, आणि यांनी कोनाड्यातून तुझं पत्र काढून दिलं. आठ तारखेचं. मधूचा फोन यांच्या ऑफिसात आला आणि आम्ही निघालो, त्याच दिवशी दुपारी ते इथे येऊन पडलं होतं.

वाचलं. मग पुन्हा वाचलं.

आता तू मला एकच सांग. आईला अंघोळ घालून झाली होती. बायका जमल्या होत्या, प्रेमा होती. तू ते हिरवं लुगडं आणून माझ्या हातात दिलंस. मला वाटलं, या लुगड्यानंच तिला कळलं, यानंच तिचे शेवटचे दिवस नासवले. मग निदान तिला जे सोयीचं होतं तसं तरी नेसवू. नऊ वारांचा हट्ट माझा होता, तिचा नव्हता, असं मी धरून चालले. म्हणून मी तुझ्याकडे कात्री मागितली.

बायका म्हणाल्या, सवाष्णीला फाडलेलं नेसवतात का? मी त्यांना गप्प केलं. म्हटलं, माझ्या आईला असंच हवं होतं. मोठ्यानं म्हटलं. तू माझ्या शेजारी उभी होतीस.

तुला माहीत होतं. चोवीस तासांपूर्वी आई जे बोलली ते तू स्वतःच्या हातानं लिहिलं होतंस. पत्र मिळालं का, असं आल्या आल्या तू मला विचारलंस आणि मी नाही म्हटलं. तेव्हा मला वाटलं, तिच्या आजाराचं काही असेल. आणि मी कात्री मागितल्यावर तू आत गेलीस आणि कात्री आणून दिलीस. दुसरं टोक धरून उभी राहिलीस. मी कापत असताना ते घट्ट धरलंस.

का बोलली नाहीस?

मी आयुष्यात एक गोष्ट तिच्या मनासारखी करू शकले असते. तिनं मला बोलावून ती सांगितली होती.

माणिक


मुलुंड
१५ डिसेंबर १९५४

माणिकवन्सं,

तुमचं पत्र काल आलं. यांना दाखवलं नाही. भाऊंनाही नाही.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देते. सारवून लिहिता येईल. वेळ नव्हता, गडबड होती, तोंडातून शब्द फुटला नाही, असं म्हणता येईल. ते खरं नाही. वेळ होता. तुम्ही कात्री मागितलीत तेव्हा आईंचं बोलणं मला अक्षरन् अक्षर आठवत होतं. कात्री आणायला आत गेले तेव्हाही आठवत होतं. शिवणाच्या डब्यात हात घालून मी तिथे उभी राहिले होते. नाही म्हणायचं तर तेव्हाच म्हणता आलं असतं.

पण तुम्ही सगळ्यांदेखत कात्री मागितली होतीत. ज्या बायकांनी मला लुगडं कापणारी सून म्हटलं, त्यांच्यादेखत. तुम्ही म्हणालात, माझ्या आईला असंच हवं होतं. प्रेमाताईंनी मान खाली घातली. ते मी पाहिलं. या घरात आल्यापासून माझ्या बाजूनं कोणी तसं मोठ्यानं बोललं नव्हतं. आईंनीसुद्धा नाही. त्या माझ्याकडून सगळं करून घ्यायच्या, पण कोणी आलं की म्हणायच्या, कुंदा आपली करते तिला जमेल तसं.

मी वर्षभर फक्त आईंचं पाहिलं. त्यांना काय हवं, काय नको, कुठे दुखतंय, कोणासमोर काय बोलायचं नाही. त्या घटकेला मी त्यांचं पाहिलं नाही, माझं पाहिलं. तुमचं ते वाक्य मला हवं होतं. मी बोलले असते तर तुम्ही ते मागे घेतलं असतंत, आणि त्या बायकांना पुन्हा मीच उरले असते. म्हणून टोक धरलं.

आईंनी मला क्षमा केली असती की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नसती केली. तुम्हीही करू नका. मी मागत नाही.

एवढं मात्र सांगते. तुम्ही निऱ्या घातल्यात त्या पाच वारांतही नीट आल्या होत्या. एकसारख्या. मला खरंच येत नाहीत, ते आई बरोबर म्हणाल्या.

एकवीसला तेरावा आहे. भाऊंनी तुम्हाला यायला सांगितलं आहे, आणि मीही सांगते. सुतकात नमस्कार करत नाहीत, म्हणून वर लिहिला नाही. त्या दिवशी तो समोर करीन. तुम्ही पाय मागे घेतलेत तर मला समजेल. पण या.

कुंदा